फळा वाचायचा नंबर

लालबागच्या त्या चाळीत उन्मेषइतका हुशार मुलगा दुसरा नव्हता, आणि हे मत खुद्द उन्मेषचं होतं. परळच्या एका काचेच्या इमारतीत तो सॉफ्टवेअर लिहायचा. एकाच माहितीवर हजार कामं एकदम तुटून पडली तर कोणाला आत घ्यायचं आणि कोणाला थांबवायचं, हे ठरवणारं कुलूप त्याने तयार केलं होतं. वाचणारे कितीही असोत, सगळे एकदम आत. लिहिणारा मात्र एकटा, आणि तो लिहीत असताना आत दुसरं कोणी नको. अशा माणसाला तळमजल्याच्या खोलीतल्या सूचनांच्या फळ्याचा घोळ बघवणार कसा?

फळ्याचा कारभार रघुवीरकाकांकडे. काका आयुष्यभर हेडक्लार्क. फळ्यावर आलं तेच खरं, तोंडी निरोप द्यायचा नाही, हा त्यांचा एक दंडक. कोणी वाचत असताना फळा पुसायचा नाही, हा दुसरा. चाळीत दीडशे खोल्या, त्यामुळे एक वाचून जातो तोवर दुसरा हजर. काका बिचारे डस्टर धरून ताटकळत. महाशिवरात्रीची सूचना त्यांनी होळीला लिहिली होती.

"काका, साधी गोष्ट आहे," उन्मेष म्हणाला. "लिहिणारा आला की नव्या वाचणाऱ्यांना थांबवायचं. लिहिणाऱ्याला पहिला मान."

मान मिळतोय म्हटल्यावर लिहिणारे वाढले. काकांचं झालं की महिला मंडळाच्या मनालीताई, त्यांचं झालं की क्रिकेटवाला हितेंद्र, तोवर काकांना काहीतरी राहिल्याचं आठवायचं. तीन दिवस फळा अखंड लिहिला गेला आणि एकाही माणसाला वाचता आला नाही.

उन्मेष डगमगला नाही. त्याने फळ्याची वेळ ठरवून दिली आणि नंबर काढले. वाचायचं असो की लिहायचं, आधी नंबर घ्यायचा आणि खुशाल घरी जाऊन पोळ्या लाटायच्या. पाळी आली की हाक मारली जाईल. लागोपाठचे वाचणारे एकत्र आत जातील, पण मध्ये लिहिणाऱ्याचा नंबर आला तर त्याच्या मागच्यांनी त्याचं होईपर्यंत थांबायचं. वशिला नाही, दादागिरी नाही. चाळीला ही पद्धत इतकी पसंत पडली की लोकांनी जन्मात पहिल्यांदा एखादा नियम मनापासून पाळला. घात झाला तो तिथेच.

रविवारी बारा वाजता गिरगावहून वैदेहीचे आईवडील घर बघायला येणार होते. वैदेही उन्मेषच्या ऑफिसातली. लग्नाला तिच्या वडिलांची ना नव्हती, फक्त एक शंका होती: "चाळीत पाण्याचं कसं असतं?" पाण्याची काळजीच नको, असं उन्मेषने छातीठोकपणे सांगून टाकलं होतं. पाहुणे येणार म्हणून आईने सकाळी पाण्याचं पिंप रिकामं केलं, लख्ख घासलं आणि मोरीत उपडं घातलं.

इकडे काकांच्या खिशात पालिकेची चिठ्ठी होती. रविवारी अकरापासून दुसऱ्या दिवसापर्यंत पाणी बंद. चिठ्ठी शनिवारी संध्याकाळी आली होती, पण फळ्याची वेळ तेव्हा संपलेली. रविवारी दहाच्या ठोक्याला फळा उघडला आणि काकांनी नंबर घेतला. पाचवा. त्यांच्या पुढचे चौघं वाचायला आत गेले. तिघं बाहेर पडले. चौथ्या नंबरच्या जाईबाई काही हलेनात.

साडेदहाला कोणीतरी उन्मेषला बोलावून आणलं. नवा शर्ट सांभाळत तो खाली आला.

"आजी, झालं का वाचून?"

"माका अक्षर दिसणा नाय रे. रुपाली वाचून दाखवतली."

जाईबाईंची सून रुपाली बाहेर उभी होती. हातात सहावा नंबर.

"मग वहिनी, जा ना आत."

"कशी जाऊ? माझ्यापुढे काका आहेत."

"काका, तुम्ही व्हा पुढे."

"आत वाचक आहे," काका म्हणाले. "त्या बाहेर आल्याशिवाय मी डस्टर उचलणार नाही."

"आजी, तुम्ही बाहेर या बरं."

"न वाचताच?"

उन्मेषला घाम फुटला. जाईबाई रुपालीसाठी थांबलेल्या, रुपाली काकांसाठी, काका जाईबाईंसाठी. तिघंही नियमाने वागत होते, आणि असेच थांबले तर पुढच्या महाशिवरात्रीपर्यंत थांबू शकत होते. ऑफिसात असं झालं की तो मशीन बंद करून पुन्हा चालू करायचा. जाईबाईंना ती सोय नव्हती.

"रुपालीवहिनींना सोडा आत," तो म्हणाला.

"का म्हणून?" मागून हितेंद्र कडाडला. "सहा नंबर काकांच्या आधी जाणार, तर सात नंबरने काय पाप केलं?"

"अहो, जो आत अडकलाय त्याच्यासाठीच..."

"म्हणजे वशिलाच की रे! तूच म्हणालास ना, वशिला नाही?"

उन्मेषने समजावलं, खडूने जमिनीवर बाण काढून दाखवले, शेवटी हात वर करून मतदान घेतलं. वीस मिनिटं गेली. रुपाली आत गेली, तिने क्रिकेटचं वेळापत्रक सासूबाईंना दोनदा वाचून दाखवलं. मग काकांनी फळा कोरडा पुसला, ओला पुसला, वाळू दिला, आणि 'अत्यावश्यक सूचना' या शब्दांखाली गुलाबी खडूने दुहेरी रेघ ओढली. तेवढ्यात वरून आईची हाक आली.

"उन्मेष, अरे नळाला पाणी का नाही?"

उन्मेष कळशी घेऊन तिन्ही मजले धावला. सगळे नळ कोरडे, आणि सूचनाच नाही म्हणून पाणी कोणी भरून ठेवलेलं नाही. बाराला पाच मिनिटं होती आणि वैदेहीचे वडील जिना चढून धापा टाकत दारात उभे होते. "आधी घोटभर पाणी द्या हो," ते म्हणाले. उन्मेषला धरणी पोटात घेईल तर बरं असं झालं. "आणतो हं," म्हणत तो कळशीसकट पुन्हा पळाला.

शेवटचं दार जाईबाईंचं. आत दोन पिंपं, चार कळश्या, सगळं काठोकाठ. जाईबाईंनी त्याची कळशी भरली. त्याच्या डोळ्यांत खरोखर पाणी आलं.

"आजी, तुम्हाला कसं कळलं पाणी जाणार म्हणून?"

"लतिकान काल सांजेकच सांगल्यान."

लतिका म्हणजे रघुवीरकाकांची बायको.

"अहो, मग सगळं ठाऊक होतं तर एवढा वेळ त्या फळ्यासमोर कशाला उभ्या होतात?"

जाईबाईंनी त्याच्याकडे कीव आल्यासारखं पाहिलं.

"नंबर गावलो हुतो मरे," त्या म्हणाल्या. "तो काय फुकट घालवू?"