दर्शनाचं यीस्ट

दर्शनाने शेजारच्या फ्रीझरमध्ये ठेवलेला स्टीलचा डबा सकाळी परत आला, तो तांदळाच्या वाफवलेल्या सांदणांनी भरून. शेजाऱ्याचा डबा रिकामा धाडणं इफ्फतभाभींच्या रक्तातच नव्हतं. बाबांच्या पहिल्या स्मृतिदिनाला जमलेल्या माणसांनी बुद्धवंदना आटोपताच त्याचा फडशा पाडला. दर्शना बाहेर आली तेव्हा डब्यात ओला फडका तेवढा उरला होता.

"भाभी, यातली बारकी कुपी?"

"लय गुणाचं गो तुमचं यीस्ट! काल तुझ्या आईकडे, शालनवैनींकडे मागितलं होतं ना? माझ्याकडचं थोडं होतं, त्यात घातलं. कशी फुगली होती बघितलीस?"

दर्शनाने फडका उचलून झटकून पाहिला. काल घरातली वीज गेली म्हणून तिने डबा भाभींच्या सासूबाईंकडे दिला होता, जपा म्हणून बजावून. सासूबाईंनी डबा जपला, निरोप नाही.

"यीस्ट नव्हतं ते. माझं औषध होतं. उद्या गोव्याच्या प्रयोगशाळेत न्यायचं होतं."

"कसलं औषध?" आईने विचारलं.

"रक्तातल्या पेशी एकमेकींना चिकटून गुठळी होते ना? त्यांच्यावर चिकटणारं प्रथिन असतं. त्याचं बटण दाबलं जाऊ नये म्हणून खाचेत बसणारी छोटी साखळी बनवली मी. ती सैल पडू नये म्हणून तिला स्टेपलरच्या पिनेसारखा टाका घातलाय."

गुठळी म्हटल्यावर आईने बाबांच्या फोटोकडे पाहिलं. बाबा गुठळीनेच गेले होते.

"उकडल्यावर मेलं असेल ना ते?"

"टाक्यामुळे उष्णता सोसतं."

"मग पोटात जिरेल."

"जिरू नये म्हणून तर एवढी वर्षं खपले, आई!"

तेवढ्यात अंगणातून "आई गो!" ऐकू आलं. सर्वांत जास्त सांदणं खाल्लेल्या काशीरामकाकांनी नारळ फोडताना कोयता बोटावर मारून घेतला होता.

पोटातून असलं औषध रक्तात जवळजवळ पोचतच नाही, हे दर्शना एरवी झोपेतही सांगू शकली असती. आत्ता तिला फक्त लाल धार दिसत होती. पदर बोटावर दाबून ती पुटपुटत राहिली, "गोठ. गोठ की रे."

"कोणाला बोलतंय हे पोर?" काकांनी विचारलं.

"रक्ताला," आई म्हणाली.

दर्शनाने पदर सोडला. थेंब दाटला, काळसर झाला, थांबला. भाभींनी मोठ्याने अल्लाचे आभार मानले. सगळे हसले आणि दर्शनाला रडू फुटलं. वर्षभर ज्या गुठळीचा तिने दुस्वास केला, तिच्यासाठी आज तिने हात जोडले होते.

"अगो, रडतेस कशाला? ठीक आहेत ना सगळी?" आई म्हणाली.

"तेच तर."

काकांनी बोट उलटसुलट करून पाहिलं. मग तिच्याकडे.

"म्हंजे औषध लागू नाय पडला?"

"नाही, काका."

"भाभी," काका पाटावर नीट मांडी घालत म्हणाले, "घरात अजून हायत काय गो सांदणं? आण. पोर नापास होता नये."