टबातले प्रोफेसर

कुबाटकाकांनी नाताळच्या जेवणासाठी बाजारातून आणलेला जिवंत कार्प मासा बाथरूमच्या टबात सोडला आणि ओले हात पँटला पुसत जाहीर केलं, "नाताळच्या सकाळी एका घावात उडवतो! दरवर्षीसारखा!"

तोवर सगळ्यांनी बेसिनशी उभं राहून मगाने अंग धुवायचं, हे ठरलेलंच. घरात भाड्याने राहणाऱ्या तेमुलेनला विचारायचं होतं, की मग केस कुठे धुवायचे? तिने तोंड उघडलं, मिटलं आणि "आभारी आहे" एवढंच म्हणून ती खोलीत पळाली.

मंगोलियाहून ब्रनोला चेक भाषा शिकायला आलेल्या या पोरीचं सगळं अडायचं ते इथेच. लिहायला सांगा, पानंच्या पानं भरून देईल. पण समोर जिवंत माणूस आला की घसा बंद. आपण काहीतरी भलतंच बोलू आणि लोक हसतील, या लाजेने ती दुकानातसुद्धा बोट दाखवून पाव घ्यायची. कुबाटोवाकाकू वाढायच्या ते शेपूचं सायीतलं कालवण तिच्या घशाखाली उतरत नसे, पण 'नको' म्हणायचीही लाज. त्यापेक्षा काकूंची पाठ वळली की खिडकीतल्या कण्हेरीच्या कुंडीत ओतणं सोपं. आणि आता तोंडी परीक्षा येऊन ठेपली होती. नापास झाली तर पशुवैद्यकाच्या कॉलेजातली जागा गेली. तिकडे तिच्या मेंढपाळ बापाने सगळ्या माळाला सांगून ठेवलं होतं, की पोरगी डॉक्टर होणार.

खोलीत सराव करावा तर भिंती पातळ. म्हणून ती बाथरूममध्ये शिरली, कडी लावली, नळ सोडला आणि टबाच्या काठावर बसली. मासा तिच्याकडे बघून तोंडाची उघडझाप करत होता. हसत नव्हता, चुका काढत नव्हता. असा परीक्षक तिला जन्मात भेटला नव्हता.

"नमस्कार, प्रोफेसर," ती हळूच म्हणाली, आणि मग धरणच फुटलं. तिने बापाचं सांगितलं, मेंढ्यांचं सांगितलं. दुसऱ्या दिवशी कण्हेरीचं सांगितलं. "काकूंची मला भीती वाटते हो. आणि काका अंघोळीला गातात ना, तेव्हा आमचा आजारी उंट आठवतो." बाहेर काका दार ठोठावत. ती आतून "आभारी आहे" म्हणे.

परीक्षेच्या आदल्या दिवशी जेवायला टोमॅटोचं कालवण होतं.

"शेपू नाही केला आज," काकू वाढता वाढता म्हणाल्या. "कण्हेरीची पानं पिवळी पडायला लागलीत."

तेमुलेनचा चमचा हवेतच राहिला.

"अगं," काकू म्हणाल्या, "बाथरूमच्या छताजवळ जाळी आहे ना, तिच्यामागे हवेचा मोठा पाइप आहे. आवाज तळघरापासून थेट गच्चीपर्यंत जातो."

"म्हणजे… सगळ्यांनी ऐकलं?"

"सगळ्यांनी कुठे? दुसऱ्या मजल्यावरचे गावाला गेलेत."

"उंटाची पोटं किती असतात गं?" काका खो खो हसत म्हणाले. "आठव्या मजल्यावरचे विचारत होते."

तेमुलेनला धरणी दुभंगून पोटात घेईल तर बरं, असं झालं. सकाळी लिफ्टमध्ये सहाव्या मजल्यावरच्या शेबकोवा आजी होत्या. त्यांनी तिचा गाल कुरवाळला. "घाबरू नकोस हं, पोरी. प्रोफेसरांसमोर बोलतेस तशीच बोल." तेमुलेन पुढच्याच मजल्यावर उतरली आणि जिन्याने धावत सुटली.

परीक्षेत व्हायचं तेच झालं. घसा बंद. परीक्षकांनी हवामान विचारलं, कुटुंब विचारलं. तिच्या डोळ्यांत पाणी तरारलं.

"काहीही सांगा हो," ते कंटाळून म्हणाले. "एखादी लाजिरवाणी गोष्ट सांगा."

तो साठा मात्र तिच्याकडे भरपूर होता. जे आख्ख्या इमारतीला ठाऊक झालंय, ते आणखी एकाला कळलं तर काय बिघडणार? तिने मासा, जाळी, शेपू, उंट, सगळं एका दमात सांगितलं. परीक्षक चष्मा काढून डोळे पुसत राहिले. "पुरे, पुरे! झालात पास!"

नाताळच्या सकाळी काका एप्रन बांधून, लाकडी हातोडा घेऊन बाथरूममध्ये गेले. कडी लागली. बराच वेळ घाव काही ऐकू आला नाही. मग दाराची घंटा वाजली. शेबकोवा आजी सपाता घालूनच उतरल्या होत्या.

"लिबुशे, अगं तुझा नवरा माशाची माफी मागतोय! आजवर कधी मारलाच नाही म्हणे त्याने. तळघरात नेऊन त्या जुन्या रखवालदाराकडून मारून आणायचा. रखवालदार यंदा लेकीकडे गेला, म्हणून रडतोय."

काका बाहेर आले तेव्हा कानापर्यंत लाल झाले होते. तो लाल रंग तेमुलेनला चांगलाच ओळखीचा होता. तिला त्यांची फार दया आली. तिने बादली आणली.

लिफ्टमध्ये शेजाऱ्यांनी आधी बादलीत बघितलं, मग काकांकडे. कोणीतरी खाकरलं. तेवढ्यात तेमुलेन खणखणीत चेकमध्ये म्हणाली, "मीच हट्ट धरला. आमच्याकडे ओळखीचा मासा मारत नाहीत!" चारचौघांत आपणहून बोललेलं तिचं पहिलं अस्खलित वाक्य, आणि तेही धडधडीत खोटं. काकांनी स्व्रात्का नदीवर पोचेपर्यंत वर मान केली नाही. बादली रिकामी झाल्यावर मात्र म्हणाले, "उंटासारखं गातो का गं मी खरंच?"

"आजारी उंटासारखं," ती म्हणाली.

सण सरला तशी काकूंनी पुन्हा शेपू केला. तेमुलेनने खिडकीकडे बघितलं. कण्हेर जिन्यात हलवली होती. काकू पळी घेऊन वाट बघत उभ्या होत्या. तेमुलेनच्या कानशिलांतून वाफा निघाल्या, पण तिने ताट मागे ओढलं.

"काकू, मला शेपू आवडत नाही."

"मग पहिल्या दिवशीच बोलायचं नाही का!"

काकांनी एकदा तेमुलेनकडे बघितलं, एकदा पळीकडे.

"मलापण नाही आवडत," ते ताटाकडे बघत म्हणाले. "लग्न झाल्यापासून."

काकूंनी पळी खाली ठेवली. त्या बाथरूममध्ये गेल्या आणि कडी लावली. टब रिकामा होता. जाळीतून आवाज कुठे कुठे जातो हे त्यांना पक्कं माहीत होतं.

वर सहाव्या मजल्यावर शेबकोवा आजींनी टीव्हीचा आवाज बारीक केला.