माफीचा शनिवार

बहुतेक माणसं तोंडावर गोड बोलतात आणि पाठ फिरली की शिव्या घालतात. ही पद्धत सगळ्यांना माहीत आहे आणि सोयीचीही आहे. शमुवेल मास्तरचं उलटं होतं. तो मनातल्या मनात शिवी घाली, आणि मग तुमच्यासमोर येऊन, हात जोडून, ती शिवी तुम्हाला नीट ऐकवून तिची माफी मागे.

"मनात आलं होतं जी, म्हणून सांगतो," अशी त्याची सुरुवात झाली की आलापल्लीच्या बाजारातला भलाभला माणूस चप्पल शोधायला लागे.

मास्तर म्हणजे शिंपी. माझ्या कापडाच्या दुकानाच्या ओट्यावर त्याचं पायमशीन होतं. हे दुकान मला कोणी दिलेलं नाही. डोक्यावर मिठाची पाटी घेऊन मी जंगलातले बाजार पायी तुडवले, तेव्हा कुठे ते उभं राहिलं. म्हणून घासाघीस न करता झालेला सौदा मला पचत नाही. मास्तरला ओटा दिला तोही दोन तास वाद घालूनच. भाडं नाही, पण माझ्या घरचं सगळं शिवण त्याने करायचं. या सौद्यात मी जिंकलो, असं मला तेव्हा वाटलं होतं.

तो मूळचा मुलचेऱ्याकडच्या तळ्याकाठच्या एका गावातला, मासे धरणाऱ्या ढिवराच्या घरातला सोमाजी. पायाची जखम चिघळली म्हणून कुठल्याशा मिशनच्या दवाखान्यात गेला, तिथे चांगला पावसाळाभर पडून राहिला, आणि शिवणकाम व ख्रिस्त असे दोन्ही शिकून शमुवेल होऊन बाहेर पडला. दोन्ही गोष्टी त्याने सारख्याच निष्ठेने केल्या. काज करताना जसा एक टाका सुटू देत नसे, तसा मनातला एक विचार सुटू देत नसे.

संध्याकाळी मशीनवर फडकं टाकलं की तो स्टुलावर डोळे मिटून बसे. ओठ हलत. पहिल्यांदा पाहिलं तेव्हा मला वाटलं, भोवळ आली.

"काय होऊन राह्यलं, मास्तर?"

"काई नाई जी. आज कोनाले मनातून मारलं, ते पाहून राह्यलो."

त्यांच्या चर्चमध्ये महिन्याच्या पहिल्या रविवारी प्रभुभोजन असे. पाळकसाहेबांनी कधीतरी उपदेशात सांगितलं की, प्रभूच्या मेजाशी येण्याआधी ज्याच्याशी मन कलुषित झालं असेल त्याच्याशी ते निवळून घ्यावं. बाकीच्या मंडळींनी माना डोलावल्या आणि ती घरी जाऊन जेवली. मास्तर कामाला लागला. त्या रविवारच्या आदल्या दिवशी, शनिवारी सकाळी, तो धुतलेला सदरा घालून बाजारभर माफी मागत फिरे. महिनाभरातलं सगळं त्याच्या डोक्यात पक्कं असे.

एकदा फॉरेस्टचे एक साहेब आपल्या माणसांसह चहा पीत उभे होते. मास्तर समोर गेला.

"साहेब, तुमच्या पँटीचं माप घेताना मनात आलं होतं जी. म्हटलं, या पोटात गावच्या किती कोंबड्या असतीन? माफ करा."

साहेबांच्या माणसांनी चहा नाकातून बाहेर काढला. साहेब पुढे बरेच दिवस बाजारात आले नाहीत, आणि आले तेव्हा सदरा बाहेर सोडून आले.

मोहफुलं विकणारी एक म्हातारी मात्र त्याच्यावर वेगळ्याच कारणाने रागावली होती. "सगळ्याइची माफी मागते, माही कधी मागत नाई," ती म्हणायची. "काऊन रे मास्तर, माह्यात काई दमच नाई का?" बिचाऱ्याने पुढच्या महिन्यात तिच्याबद्दल काहीतरी वाईट विचार करायचा प्रयत्न केला, तो जमला नाही, आणि शेवटी प्रयत्न केल्याबद्दल माफी मागितली. म्हातारीने सगळ्या बाजाराला हसत सांगितलं.

आता माझं. हे मी आजही विसरलेलो नाही.

लग्नसराई होती. चामोर्शीकडची एक पार्टी बस्ता बांधायला आली होती. बायका, पोरं, म्हातारे, दुकानात पाय ठेवायला जागा नाही. माझा हात गजावर चालू होता आणि मास्तर ओट्यावरून आत आला.

"सेठ, परवा तुमी कापड मोजून राह्यले होते, तवा मनात आलं होतं जी. म्हटलं, सेठ गजाच्या टोकाले अंगठा घालून राह्यले. माही नजर चुकली असन. माफ करा."

 मग नवऱ्या मुलाचा मामा म्हणाला, "सेठ, तेवढं पुन्हा मोजा."

सगळं पुन्हा मोजलं. माझ्या अंगठ्याचा आकार जन्मतःच मोठा आहे, त्याला मी काय करणार? पार्टी बस्ता बांधून गेली, पण ज्या नजरेने गेली ती नजर मला अजून टोचते. मी मास्तरला बाहेर ओढला.

"तुले माफी मागाची असन तं मागच्या गोदामात माग! हळू आवाजात! मान्य असन तं ओटा तुहा, नाई तं उचल मशीन!"

"मान्य आहे जी," मास्तर म्हणाला.

पुढच्या महिन्याच्या शनिवारी त्याने गोदामात, हिरड्याच्या पोत्यांमध्ये उभं राहून, हळू आवाजात माफी मागितली. मी खूश. त्याच्या पुढच्या महिन्यात तो भर दुकानात आला.

"सेठ, गोदामात माफी मागितली तवा मनात आलं होतं जी. म्हटलं, सेठ माफी बी लपवून ठेवून राह्यले. चुकलं माहं."

त्या दिवशी मी हातातला गज फेकून मारला. त्याने तो उचलून आणून दिला आणि, गज येताना पाहून मनात जे आलं होतं, त्याचीही तिथल्या तिथे माफी मागितली.

शेवटी मी ठरवलं की याच्या पाळकांकडेच दाद मागायची. पुढच्या महिन्याच्या पहिल्या रविवारी सकाळी मी रागारागाने त्यांच्या कौलारू चर्चवर गेलो. आत उपासना चालू होती, म्हणून दाराशी थांबलो. भजन झालं, प्रार्थना झाली, मग मंडळी रांगेने पुढे जाऊन भाकरीचा तुकडा आणि पेल्यातला घोट घेऊ लागली. म्हातारे गेले, बाया गेल्या, ज्याने मला बिनभोकांची बटणं विकली होती तोही गेला. मास्तर शेवटच्या चटईवर बसून होता. दोन्ही हात मांड्यांखाली दाबलेले, जणू ते आपणहून पुढे जातील अशी त्याला भीती होती. रांग संपली तरी तो उठला नाही.

सगळे गेल्यावर मी पाळकसाहेबांना गाठलं. तक्रार विसरून आधी हेच विचारलं की, मास्तरने भाकरी का घेतली नाही.

"तो कधीच घेत नाही," पाळकसाहेब म्हणाले. "कित्येक वर्षं झाली. मी समजावून थकलो. आईच्या दहाव्याला डोकं मुंडायला नकार दिला म्हणून मोठ्या भावाशी भांडण झालं. हाही रागाच्या भरात वेडंवाकडं बोलला. जातीच्या लोकांसमोर भावाच्या देवाला दगड म्हणाला. भावाने वल्हं उगारलं आणि घर बंद केलं. दर महिन्याला हा जाऊन माफी मागतो, भाऊ उत्तर देत नाही. हा म्हणतो, सगळ्यांशी निवळलं, पण ज्याच्याशी निवळायचं तिथे गढूळ आहे, मग हात कसा पुढे करू?"

मी परत आलो तो जास्तच संतापून. इतकी वर्षं या माणसाने दर महिन्याला पूर्ण किंमत मोजली होती आणि माल एकदाही उचलला नव्हता! माझ्या ओट्यावर बसून इतका वाईट व्यापार! पुढच्या महिन्याच्या शनिवारी बाजारातली माफी आटोपून तो नेहमीसारखा दुपारी निघाला, तेव्हा मी बैलबंडी जुंपली.

"बस. तुह्या भावाकडे मी सौदा करतो."

"सौदा नाई जी, माफी आहे."

"तेच. बस."

सागाचं रान पार केलं. गाव आलं, तळं आलं. काठावर त्याचा भाऊ गणबा जाळं झटकत उभा होता. त्याने आमची बंडी पाहिली, जाळं आत टाकून डोंगा पाण्यात लोटला आणि वल्हवत थेट तळ्याच्या मधोमध जाऊन बसला.

"असंच करते," मास्तर म्हणाला. तळ्याच्या बांधावर, पाळीवर उभा राहून त्याने तोंडाभोवती हात धरले. "दादा! मायच्या दहाव्याले बोललो ते चुकलं! माफ कर!" तीनदा ओरडला. गणबा पाठ करून बसलेला. मास्तरने डोळे मिटून क्षणभर प्रार्थना केली आणि वळला. "चला जी. अंधाराच्या आत रान पार करा लागते. वाघाचं आहे."

"झालं?" मी म्हणालो. "एवढंच करतो तू दर खेपेले?"

"मंग अजून काय करू?"

मी तळ्याकडे पाहिलं. माझं आयुष्य गिऱ्हाइकं ओळखण्यात गेलं आहे. ज्याला घ्यायचं नसतं तो उठून चालू लागतो. पलीकडचा काठ या माणसाला दहा वल्ह्यांवर होता, तिथे उतरून तो घरी जाऊ शकला असता. तो मध्यावर बसला होता. ऐकू येईल इतक्याच अंतरावर. हा ओट्यावर रेंगाळणाऱ्या गिऱ्हाइकाचा प्रकार होता.

"ओ गणबाभाऊ!" मी ओरडलो. "काय पायजे तुमाले? सांगून टाका!"

पाण्यावरून आवाज आला. "तुमी कोन?"

"मी त्याचा सेठ! बोला, काय पायजे?"

"त्यानं डोकं मुंडावं!"

"ते होत नाई! दुसरं बोला!"

"मंग गावाले जेवन द्यावं!"

"शिंप्याजवळ काय आहे द्याले? भाव जरा खाली आणा!"

"मंग काई नको! जा!"

"काई नको तं दर महिन्याले पाण्यात काऊन बसता?" माझं डोकं फिरलं. "मरद असान तं काठावर येऊन नाई म्हना! तुमचा भाऊ वाघाच्या रानातून येते आन् तुमी त्याले पाठ दाखवता? थू!"

डोंगा गर्रकन वळला. गणबा उभाच राहिला, डोंगा उलटतो की काय असं वाटलं.

"पाठ कोन दाखवते? मी का तो? घरी पाव्हना आला तं ढिवराच्या घरी मासोळी नाई लागत का? तो दिसला का मी जाळं टाकतो! दर खेपेले! मासोळी घेऊन काठावर येतो तं हा निंघून गेलेला असते! तीनदा ओरडला का झालं याचं काम!"

मी मास्तरकडे पाहिलं. त्याचं तोंड उघडंच होतं.

"मंग हाक माराले काय झालं होतं?" मी ओरडलो.

"हाक कोन मारन? मोठा कोन आहे?"

 मी मास्तरला खांदे धरून पाळीवर खाली बसवला. "हालला तं ओटा गेला तुहा," म्हटलं.

गणबाने जाळं टाकलं. मुद्दाम सावकाश टाकलं, असा मला संशय आहे. सूर्य सागाच्या शेंड्यांवर आला तेव्हा डोंगा काठाला लागला. हातात मोठा मरळ मासा. मास्तर उठून उभा राहिला. गणबाने त्याच्याकडे बघितलं नाही, माझ्याकडे बघितलं.

"सेठ, याले इचारा, जेवाले थांबते का."

"थांबतो म्हना," मास्तर मला म्हणाला. दोन हातांच्या अंतरावर उभे राहून दोघं माझ्यामार्फत बोलत होते.

जातीची भीती होतीच. पानं एका ओळीत मांडली नाहीत. गणबा चुलीपाशी, आम्ही दोघं अंगणाच्या कडेला. रस्सा वाढला. मी भुकेने वेडा झालो होतो आणि मास्तरने डोळे मिटले. तो प्रार्थना करू लागला आणि थांबेचना. आईचं नाव आलं, वहिनीचं आलं, तळ्याचं आलं, मरळाचंही आलं. मी रागाने इकडे तिकडे पाहिलं. गणबाने घास हातात उचलला होता. तो तसाच हातात धरून, मान खाली घालून तो बसला होता. मास्तर आमेन म्हणाला, तेव्हाच त्याने तो तोंडात घातला.

माफ केलं, असं तो शेवटपर्यंत म्हणाला नाही. मास्तरने दुसऱ्या दिवशी चर्चमध्ये हात पुढे केला आणि पाळकसाहेबांनाच रडू आलं, हे मी नंतर ऐकलं. मी काही पाहायला गेलो नव्हतो. त्या दिवशी दुकानात गिऱ्हाईक होतं.

मला आठवते ती परतीची वाट. गणबाने टेंभा पेटवून दिला होता. मी बैल हाकत होतो आणि वाघासाठी मोठ्याने खोकत होतो. मास्तर मागे बसला होता. रान अर्धं मागे पडल्यावर म्हणाला,

"सेठ, दादा म्हातारा झाला जी. पाण्यावरून दिसत नव्हतं."