अधिक भाद्रपदाच्या एका ओळीची हकीकत

श्रीशब्दब्रह्म साह्य असो. लिहिणारास क्षमा, वाचणारास आयुष्य, चुका काढणारास दंडवत. शके १९५२, साधारण नाम संवत्सरे, आश्विन मासी राज्यात वर्तमान जाहले ते ऐसे जे: संगणकावर तिथी काढून देणारी एक आज्ञावली होती. ती उघडी, लोक जीस ओपन सोर्स म्हणतात तैसी. कोणीही वाचावी, न्यावी, दुरुस्ती सुचवावी, मोल नाही. कचेऱ्या आणि देवळे अवघी तिजवर चालत. तिचे राखणदार नरहरपंत मायदेव. पुरुष ग्रंथांत रमणारा, चारचौघांत बोलावयास भिणारा, आणि आपले लिहिणे बरोबर की चूक या घोरात सदा असणारा. आलेली दुरुस्ती तेच तपासून आत घेत. याहून दुसरा मान त्यांस नव्हता. त्या आश्विनात सरकारांनी दवंडी पिटविली की, उघड्या आज्ञावल्यांस जो चार दुरुस्त्या धाडील त्यास मानाचे वस्त्र, म्हणजे छापील टी-शर्ट, मिळेल. मग काय विचारावे! कोणी रिकामी ओळ वाढविली, आणि कोणी तीच काढिली, आणि दोघांनीही वस्त्रावर हक्क सांगितला. पंतांचे डोळे शिणले, मन विटले, आणि मग जो येई तो वस्त्राचाच भुकेला ऐसा संशय मनात घर करून बसला.

ऐशात सगुणाबाई भोईटे यांची एका ओळीची दुरुस्ती आली. बाई आज्ञावल्यांची देखभाल करून पेठांकडून वर्षासन घेतात, हे पंतांच्या कानी होते. मनी म्हणाले, फुकट देते आणि वर मिळविते, यात काही काळेबेरे असावे. आणि न वाचताच नाकारिली, वर लिहिले, "वस्त्रे अन्यत्र पाहावीत." बाईंनी उलट लिहिले, "पंत, अंगावर घालायला माझ्याकडे पुष्कळ आहे. ओळ तेवढी वाचा." तेव्हा इतकी आर्जवे का, म्हणून संशय दुणावला.

मग पुढील वर्षी, विरोधकृत संवत्सरी, भाद्रपद अधिक आला. अधिकात सण धरू नये हे आज्ञावलीस ठाऊक होते, परंतु भाद्रपदापुरती एक ओळ चुकली होती. चतुर्थीचा हुकूम महिनाभर आधी सुटला, आणि कचेऱ्या बंद जाहल्या, आणि मोदक वाफेवर चढले, आणि ढोलपथके मूर्तिकारांच्या दारी उभी ठाकली. मूर्तिकार ओरडले, "अरे, देवाचे डोळे तरी रंगवू द्या!" सगुणाबाईंच्या पेठा तेवढ्या स्वस्थ होत्या, कारण तेथे बाईंची ती नाकारिलेली ओळ आधीच चालू होती. सरकारांनी पंतांस पुसले, "राखणदारी तुम्हांकडे ठेवावी की काढावी?"  पंत तडक बाईंच्या घरी गेले आणि चाचरत म्हणाले, "ती ओळ विकत द्याल?"

"विकत कसली? वर्षभर उघड्यावर पडली आहे. न्या की."

"मग पेठवाले आपणांस देतात ते कशाचे?"

"मी वाचते त्याचे. बिघडले तर हातचे टाकून बघते त्याचे. टी-शर्ट शिजवून पोट भरत नाही, पंत."

पंतांनी तेथेच बैसून ओळ वाचिली. बाई हसल्या, "अजून संशय?"

"आहे," म्हणाले, आणि पुन्हा वाचिली, आणि मग आत घेतली. सरकारांस अर्ज केला की, बाईंस राज्याचे वर्षासन द्यावे आणि माझे लिहिणे त्यांनी तपासावे, तरच मी राहतो. सरकारांनी मान्य केले. पंतांनी धाडिलेली पहिलीच दुरुस्ती बाईंनी नाकारिली, आणि चूक कोठे तेही लिहिले. त्या दिवशी पंत पोटभर जेवले.

एवंच, तिथी शुद्ध जाहली, वर्षासन चालू जाहले, आणि राखणदारी दोघांची जाहली. संशय गेला नाही. आता तो वाचून धरितात.