मानेसाहेबांचं जर-तर

मानेसाहेबांना 'चहा घेणार का?' असं विचारलं की हो किंवा नाही असं सरळ उत्तर कधी यायचं नाही. "जर साखर कमी असंल, आन् जर तुमी बी घेणार असाल, तर घेतो." तोवर चहा गार! कुपवाडच्या आमच्या पंपांच्या कारखान्यात मी त्यांच्या शेजारच्या टेबलावर बसते, त्यामुळे गार चहा माझ्या पाचवीलाच पुजलाय.

दोष त्यांच्या कामाचा. पंपाचं डिझाइन कसं करायचं, हे आपलं सगळं ज्ञान त्यांनी नियमांत बसवून कॉम्प्युटरला शिकवलं. जर पाणी खारं, तर अमुक धातू. जर भार जास्त, तर दांडा जाड. पण हा प्रोग्रॅम अतिशहाणा निघाला. स्टोअरमध्ये नसलेला धातू सुचवायचा, बाजारात न मिळणारं बेअरिंग मागायचा. शेवटी साहेबांनी तो स्टोअरमधल्या मालाच्या डेटाबेसला जोडून दिला. आता तो आधी तिकडे विचारतो, काय आहे, कुठं आहे, आणि मगच तोंड उघडतो.

साहेब मूळचे फलटणकडचे. नव्या पोरांना ते हे असं समजावायचे: "नियम म्हंजी नवरा, डेटाबेस म्हंजी बायको. नवऱ्याला अक्कल लय. पर घरात काय कुठं हाय, ते बायकोलाच ठावं. तिला इचारल्याबिगर त्यानं पाऊल उचलायचं न्हाई."

हे साहेबांच्या बायकोच्या, सुमनकाकूंच्या कानावर गेलं तेव्हा त्या म्हणाल्या, "अक्कल लय, हे ठरवलं कुणी?"

श्रावणात काकू गेल्या. दिवसकार्य उरकून साहेब कामावर आले, पण दुपारचा डबा बंद झाला. कॅन्टीनचा वडापाव खाऊन माणूस अर्धा झाला हो! पुण्याच्या लेकीनं, वैशालीनं, बजावून ठेवलं की दिवाळीपर्यंत स्वतःचं करून खाल्लं तर ठीक, नाहीतर सांगलीच्या घराला कुलूप आणि बाबा पुण्याला. पुण्याचं नाव काढलं की साहेबांचं जर नाही, तर नाही, नुसतं "न्हाई" यायचं.

परवा वैशालीचाच फोन आला. "मावशी, बाबांना साधा चहा करायला अर्धा तास लागतो. डबे शोधत बसतात. डब्यांवर नावं तरी लावून द्याल का?"

रविवारी मी चिकटपट्टी आणि मार्कर घेऊन गेले. साहेबांनी आधण ठेवलं आणि एकेक डबा उघडायला लागले. रवा. मीठ. पोहे. दाण्याचं कूट. आधण आटलं, त्यांनी पुन्हा पाणी ओतलं. मला काही राहवेना.

"अहो साहेब, कारखान्यातला नट न् नट कुठं आहे ते मशीनला शिकवलंत, आणि घरात साखर सापडेना? सरका बघू!" मी पट्टीवर 'रवा' लिहून ती डब्यावर चिकटवलीसुद्धा.

त्यांनी ती नखानं अलगद काढली.

"साखर वरच्या फळीवर हाय. पितळी डब्यात," ते म्हणाले. "पयल्या दिवशीच घावली."

"मग हा खेळ कशाला?"

"आवं, सगळा संसार हितं उभा ऱ्हाऊन एकच इचारत आलो. अगं, साखर कुठाय? ती आतल्या खोलीतनं सांगायची. रागवायची बी. अजून इचारतोय." त्यांनी पट्टीची गोळी केली. "जर नावं लावली, तर तिला इचारू काय?"

मी मार्कर पर्समध्ये टाकला आणि बाहेरच्या खोलीत येऊन वैशालीला फोन लावला. "बाबा झकास चहा करतात गं. जरा वेळ लागतो, एवढंच. त्यांना इथंच राहू दे." एवढं बोलून मी फोन ठेवला.

आतून हाक आली, "अगं, साखर कुठाय?"

ते थोडा वेळ थांबले. मग पितळी डब्याचं झाकण वाजलं.