ताईचे छंद, आईचे गुडघे

टिंग!

जेवणाच्या टेबलावर सगळे मुकाट्यानं घास चावत होते, तेवढ्यात आईनं चमच्यानं पाण्याच्या ग्लासवर टोला दिला. बाबांचा घास हातातच राहिला. या घरात ग्लास वाजला की समजायचं, आता कुणाचं तरी भलं होणार आणि त्या बिचाऱ्याची काही सुटका नाही!

"ताईचं कॉलेज मी पक्कं करून दाखवणार," आईनं जाहीर केलं. "बघाच तुम्ही!"

ताई म्हणजे थोरली लेक. वय सतरा, बोलणं मोजकं आणि डोक्यात एकच खूळ : घरं, इमारती, जिने. तिला लांबच्या शहरात वास्तुकला शिकायला जायचं होतं. मार्क चांगले होते. पण दुपारीच मोठ्या जाऊबाईंचा फोन येऊन गेला होता. त्यांचा मुलगा गेल्या वर्षी त्याच कॉलेजात लागला होता.

"नुसत्या मार्कांना कुत्रं विचारत नाही गं हल्ली! आमचा पोहतो, भाषणं ठोकतो, म्हाताऱ्यांची सेवा करतो. तुझी काय करते?"

"विचार करते," आई म्हणाली होती.

"त्याचं सर्टिफिकेट मिळतं का?"

झालं! जाऊबाईंनी काडी टाकली होती, आता आई पेटणारच होती.

आई औषधांच्या दुकानात कामाला. डॉक्टरांचं अक्षर, जे खुद्द डॉक्टरांनाही लागत नाही, ते ती उभ्या उभ्या वाचायची. तिनं ताईलाही डोस ठरवून दिला. "सकाळी उपाशीपोटी पोहणं. संध्याकाळी वादविवाद मंडळ. रविवारी जेवणानंतर वृद्धाश्रम. कोर्स पुरा करायचा, बरं वाटलं म्हणून मध्येच सोडायचा नाही!"

"आणि साइड इफेक्ट?" बाबांनी विचारलं.

"तुम्ही जेवा!"

पहिल्याच सकाळी पाण्यात पाय टाकताच ताईला अशा शिंका सुटल्या की, तलाव गळतोय की ताई, तेच कळेना. पोहण्याचे सर म्हणाले, "जागा रिकामी राहिली तर दुसऱ्याला द्यावी लागेल हं." आई लगेच पुढं सरसावली. "ही बरी होईपर्यंत मी जागा धरते की!" बसमध्ये खिडकीतून रुमाल टाकून जागा धरावी, तसं तिनं स्वतःलाच पाण्यात टाकलं. आधी बुडली. मग तरंगली. आणि ताईच्या शिंका थांबेपर्यंत मगरीसारखी या काठावरून त्या काठाला जाऊ लागली.

वृद्धाश्रमात वर्तमानपत्र वाचून दाखवायचं होतं. ताई इतक्या हळू वाचायची की, सगळ्या आजोबांचे हात एकदम कानातल्या मशीनकडे जायचे. मग तिची परीक्षा आली. आई म्हणाली, "या एका रविवारी मी जाऊन येते." गेली आणि तिनं निधनवार्तासुद्धा अशा रंगवून वाचल्या की आज्या म्हणाल्या, "पुन्हा एकदा!" त्यानंतरचा एकही रविवार ताईच्या वाट्याला आला नाही.

वादविवाद मंडळात तर कहरच झाला. ताई मागच्या बाकावर अंग चोरून बसलेली. विषय होता 'मुलांना त्यांच्या मनासारखं वागू द्यावं का?' एक वक्ता आलाच नाही. सोबत म्हणून आलेली आई तरातरा स्टेजवर गेली आणि मुलांच्या बाजूनं असं काही बोलली की, सभागृहाचे डोळे पाणावले. मध्येच मागच्या बाकाकडे बोट करून ती ओरडली, "ताई, पोक काढून बसू नकोस!" आणि पुन्हा स्वातंत्र्यावर बोलू लागली.

पहिलं बक्षीस आईला!

"घरात इतकी वर्षं सराव चालू आहे," बाबा म्हणाले. ते कारखान्यात पाळीवर जायचे, त्यामुळे त्यांच्या वाट्याला हा सराव अर्धाच येत असे.

कॉलेजच्या अर्जात आईनं हे तिन्ही उद्योग ताईच्या नावावर ठसठशीत लिहिले. 

"पण आई, मी तर..."

"खोटं कुठंय त्यात? नाव तुझंच आहे की तिन्हीकडं! तू गप्प बस, मी बघते."

मुलाखत व्हिडिओवर होती. मुलींच्या खोलीत लॅपटॉपसमोर ताई. पलंगावर धाकटी छोटी, वय वर्षं पाच, 'अवाक्षर काढायचं नाही' अशी तंबी मिळालेली. आणि टेबलाखाली, मांडीवर कोरे पुठ्ठे आणि हातात जाड मार्कर घेऊन, आई!

पडद्यावर प्राध्यापक बाई आल्या. चष्मा डोक्यावर, आवाज मऊ.

"आम्ही सगळीकडे फोन केले बरं का. वृद्धाश्रमातले आजोबा तर तुझं कौतुक करताना थांबेचनात. म्हणाले, पोरगी फार गुणी, फक्त तिच्या गुडघ्यांचं काहीतरी बघा. जिना चढताना फार दुखतात म्हणे?"

टेबलाखालून पुठ्ठा वर आला : 'हो म्हण'.

"हो," ताई म्हणाली.

"आणि पोहण्याचे सर म्हणाले, दोन बाळंतपणं होऊनसुद्धा दम मोठा आहे!"

दुसरा पुठ्ठा घाईघाईनं वर आला : 'हसून टाळ'.

ताईला हसू आलं नाही. तिनं एकदा पुठ्ठ्याकडे आणि एकदा पडद्याकडे पाहिलं. "बाई, ती माझी आई आहे. पोहते आई, वाचून दाखवते आई, बक्षीसही आईलाच मिळालंय. मी तसं लिहू द्यायला नको होतं. माफ करा."

धाड्! आई उठायला गेली आणि टेबलच तिच्या टाळक्यात बसलं. 'हसून टाळ' छातीशी धरून ती पडद्यावर उगवली.

"मॅडम, चूक सगळी माझी! पोरीला शिक्षा नको! मी..."

"या, या," बाई म्हणाल्या. "मंडळानं पाठवलेलं भाषण ऐकलंय तुमचं. फार सुंदर. आता जरा लेकीला बोलू द्या." मग ताईकडे वळून, "आई एवढं सगळं करत होत्या, तेव्हा तू काय करत होतीस?"

"काही नाही. घरी होते, छोटीजवळ."

"खोटं!" छोटीची तंबी तिथंच संपली. "आम्ही गाव बांधत होतो!" आणि लॅपटॉप उचलून ती सरळ पलंगाखाली शिरली.

आईनं डोळे मिटून घेतले. तिथं तिच्याच दुकानातून आणलेल्या औषधांच्या रिकाम्या खोक्यांचा ढीग होता. टाकून द्यायचा म्हणून तिनं कितीदा झाडू उचलला होता!

"हा खोकल्याचा बंगला," आतून छोटीचा आवाज आला. "खोकणाऱ्यांना हवा लागते, म्हणून खिडक्या जास्त. हे तापाचं घर. बॅटरीचा सूर्य या बाजूनं यायचा ना, तर आत ऊन व्हायचं. मग ताईनं घरच फिरवलं. आणि ही गुडघेवाल्यांची गल्ली. इथं जिनाच नाही! आई वर येताना 'अगं आई गं' करते ना, म्हणून."

बाई पडद्याच्या इतक्या जवळ आल्या की नुसता चष्माच दिसू लागला. "या घराची दारं रस्त्याकडे का नाहीत?"

"कारण तिथं लहान मुलं राहतात," ताई म्हणाली आणि तीही पलंगाखाली सरपटली. मग ती बोलू लागली. मोजून बोलणारी ताई पाणी कुठून वाहील, सावली कुठं पडेल, म्हातारी माणसं कुठं दम खातील, असं बोलतच राहिली. बाहेर पलंगाच्या कडेनं चार पाय दिसत होते. इतकी वाक्यं लेकीच्या तोंडून आईनं कधी ऐकली नव्हती. तिनं पुठ्ठा हळूच पालथा घातला.

"पुढच्या फेरीला ये," शेवटी बाई म्हणाल्या. "हे गाव घेऊन ये. आणि आईंनाही आण. पण खुर्चीवर बसव हं, टेबलाखाली नको."

ताई उड्या मारत बाबांना फोन करायला धावली. आई गुडघे सांभाळत पलंगाखाली वाकली. जावेला कळवायचं ती चक्क विसरली होती!

"आपलं घर कुठलं गं, छोटे?"

"हे काय. ही ताईची खोली, ही माझी. आणि हे बूच म्हणजे बाबा. पाळी संपवून झोपलेत."

"अगंबाई! आणि मी?"

छोटी सरपटत पार भिंतीपर्यंत गेली. तिथं बसथांब्यावर एक निळं बूच उभं होतं, खांद्याला दोऱ्याची पिशवी अडकवलेलं.

"तू बसची वाट बघतेस. तू तिथंच असतेस."

आई हसली. जरा जास्तच मोठ्यानं हसली. मग तिनं ते बूच उचललं, पदरानं पुसलं आणि घरापाशी आणलं. पण घर इतकं नीट आखलेलं होतं की, ठेवायचं कुठं तेच तिला कळेना.

छोटीनंही वाकून आत पाहिलं. खूप विचार केला.

"आई, ताई कॉलेजला गेली की तिची खोली रिकामी होईल ना? मग तू येशील आमच्याकडे राहायला?"