अजितला झोपू द्यायचं नाही

काचेच्या टीपॉयवर उभं राहून पंखा पुसू नये एवढी अक्कल अजितला होती; पण शेजाऱ्यांकडे शिडी मागायचा त्याला संकोच वाटला. काच फुटली, अजित खाली आला आणि मांडीतून रक्ताची धार लागली. निपाणीहून राहायला आलेल्या गोजराआत्यानं खांद्यावरचा टॉवेल जखमेवर दाबला आणि ती ओरडली, "वीणा, गाडी काढ! आणि ह्याला झोपू द्यायचं न्हाई. झोपला की संपला!"

बोलावलेली अॅम्ब्युलन्स के. आर. पुरमच्या पुलाजवळ ट्रॅफिकमध्ये अडकली होती. म्हणून बायको वीणा स्टिअरिंगवर, मागच्या सीटवर अजित आडवा आणि त्याच्या मांडीवर सगळा भार टाकून आत्या, अशी वरात निघाली.

"आत्या, झोप येतेय गं."

"येऊ दे. तू तिच्याकडं जाऊ नकोस."

आत्यानं आधी पाढे विचारले. अजित आयटीतला, सतराच्या पाढ्यावर त्यानं मान टाकली. मग आत्यानं ठेवणीतलं अस्त्र काढलं. "योगीराजकाकाच्या लग्नात जिलब्यांची परात कुणी पळवली, ठाऊक हाय काय तुला?"

अजितचे डोळे टक्क उघडले. त्या परातीवरून दोन घरांत अजून बोलणं बंद होतं. "कुणी?"

"सांगतो की. थांब."

आत्यानं आधी मांडव सांगितला, मग आचारी, मग व्याह्यांचे रुसवे. परात काही पुढे सरकेना. गाडीही सरकेना. शेजारच्या रिक्षावाल्यानं आत डोकावलं, "अय्यो!" म्हणाला आणि खाली उतरून "स्वल्प जाग बिडी!" अशी कन्नडमधून ओरडून जागा मागत समोरच्या गाड्या बाजूला काढू लागला. देव भलं करो त्याचं.

हॉस्पिटलात भूल देणाऱ्या डॉक्टर भव्या म्हणाल्या, "ऑपरेशन लगेच करायचंय. आता यांना झोपवते."

आत्या अस्सल कन्नडमध्ये खवळली. "घसा फोडून जागा ठेवलाय मी! आणि तुम्ही झोपवणार?"

"डॉक्टर, एक मिनिट," अजित क्षीण आवाजात म्हणाला. "आत्या, परात कुणी नेली?"

"तुझ्या बापानं. झोप आता."

बऱ्याच वेळानं डॉक्टर बाहेर आल्या. धोका टळला होता. वीणा रडायलाच लागली.

"बघ, जागा ठेवला म्हणून," आत्या म्हणाली.

"अज्जी, जागं ठेवल्यानं जीव वाचत नाही," डॉक्टर हसल्या. "पेशंट उत्तरं देतोय, शुद्धीवर आहे, एवढं त्यातून कळतं. ते वाचले तुमच्या दाबून धरण्यानं. वाटेत एकदाही हात उचलून पाहिलं नाहीत?"

"कशाला बघू? गोष्ट चालू होती की."

म्हणजे त्या गोष्टीनं जागे ठेवले ते जखमेवर दाबलेले आत्याचे हात, हे वीणाला कळलं. सासरच्या माणसांत तिला आजवर एवढं थोर कुणी वाटलं नव्हतं. आत्याची बोटं इतकी आखडली होती की चहाचा कपही धरता येईना. वीणानं तिला घोट घोट पाजला. कप संपायच्या आत आत्या बाकावरच घोरायला लागली.

"इथे झोपू नये, मॅडम," नर्स म्हणाली. "उठवू का?"

"खबरदार उठवलंत तर!" वीणा म्हणाली.